अठराव्या शतकातला लिअर: टेट, गॅरिक की कोलमन?

अठराव्या शतकात लंडनच्या रंगभूमीवर ‘किंग लिअर’ व्हायचा तो शेक्सपिअरने लिहिलेला नव्हे. त्या काळचा लिअर अभिवाचनाला किंवा प्रयोगाला घ्यायचा असेल तर तीन संहिता आहेत: नेहम टेटची (१६८१), डेव्हिड गॅरिकची (१७५६) आणि जॉर्ज कोलमनची (१७६८). मूळ नाटकातला राजाचा विदूषक तिन्हींत नाही, आणि मुळात मरणारे लिअर राजा व त्याची धाकटी मुलगी कॉर्डेलिया तिन्हींत शेवटी जगतात.

सर्वांत जुनी म्हणून टेटची संहिता बाजूला सारू नका. शतकभर चालली ती याच पायावर. तिची बांधणी पक्की आहे, कारण ग्लॉस्टर या सरदाराचा मुलगा एडगर आणि कॉर्डेलिया यांचं, मुळात नसलेलं, प्रेम नुसतं चिकटवलेलं नाही. पहिल्या अंकात कॉर्डेलिया बापाला कोरडं उत्तर देते ते बर्गंडीच्या ड्यूकशी लग्न टळावं म्हणून. वादळात एडगरच्या कपटी सावत्र भावाने, एडमंडने, पाठवलेले गुंड तिला धरतात, तेव्हा वेड्या टॉमच्या सोंगातला एडगरच तिला सोडवतो. तुरुंगाचा प्रवेश तर खास रंगतो. लिअर कॉर्डेलियाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलाय, मारेकरी येतात, म्हातारा हत्यार हिसकावून दोघांना आडवं करतो, आणि तेवढ्यात एडगर आणि लिअरचा जावई अल्बनी पोचतात. उणीव भाषेची: शेक्सपिअरच्या दाट ओळी टेटने जागोजाग सपाट केल्या आहेत.

गॅरिकने ही चौकट तशीच ठेवून शेक्सपिअरच्या पुष्कळ ओळी परत आणल्या. मुख्य नट ताकदीचा असेल तर बेलाशक हीच घ्यावी.

कोलमनची संहिता वाचायला सर्वांत शुद्ध. त्याने प्रेमप्रकरण काढलं, ग्लॉस्टरची डोव्हरच्या कड्यावरची उडीही काढली. पण सुखाचा शेवट ठेवला आणि त्याला पेलून धरणारा धागाच कापला, त्यामुळे शेवट उपरा वाटतो. अभ्यासवर्गात ती जरूर घ्या, प्रयोगाला नको.

टेटच्या प्रेमकथेला मूळचा दुःखान्त जोडण्याचा मोह होईल. नट एडमंड कीनने १८२३ मध्ये तेच केलं आणि थोड्याच प्रयोगांत त्याला सुखान्ताकडे परतावं लागलं. प्रेक्षकाला चार अंक लग्नाची आस लावून पाचव्यात प्रेत दाखवलं की तो रुसतो.

विदूषक हवाच असेल तर या तिन्ही संहिता सोडा. वादळातले संवाद त्याच्याशिवाय बेतलेले आहेत, तो मध्ये घुसवला की ठिगळ दिसतं. तो रंगमंचावर परतला थेट १८३८ मध्ये, नट मॅक्रीडीच्या प्रयोगात.