शामोनी, कॅपाडोशिया की हाँगकाँग: पाच जणांनी मिळून ट्रेल पळायला कुठे जावं?

आमच्या गटात पाच जण. दोघं पळायला लागले की मागे वळून बघत नाहीत, दोघं (त्यात मी) मध्यम, आणि पाचवीला पळायला लागून जेमतेम वर्ष झालंय. परदेशातल्या ट्रेल (डोंगरवाटांवर पळायच्या) स्पर्धेचा विषय निघाला की ठिकाण पहिले दोघं सुचवतात आणि बाकीचे ‘चालेल’ म्हणतात. असं ‘चालेल’ म्हणून मी एकदा गेलोय. स्पर्धा झक्क होती, पण तीन रात्रींच्या त्या सहलीत आम्ही सगळे एकत्र बसलो ते थेट परतीच्या विमानतळावर. आता मी ठिकाण उलट्या टोकाकडून तपासतो. सगळ्यात हळू पळणाऱ्याचा दिवस तिथे कसा जाईल? आणि तोवर बाकीचे काय करतील?

यंदा चर्चेत तीन नावं आहेत: जूनअखेरीला फ्रान्समधल्या शामोनीत होणारं मों-ब्लां मॅरेथॉनचं वीकेंड, ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तानात होणारी कॅपाडोशिया अल्ट्रा-ट्रेल, आणि हाँगकाँगची मॅक्लिहोज ट्रेल.

आधी अंतराचा घोळ मिटवू. ट्रेलवर नुसत्या किलोमीटरला अर्थ नसतो. ढोबळ हिशेब असा, की दर शंभर मीटर चढाला एक किलोमीटर जादा धरायचा. शामोनीची ४२ किलोमीटरची शर्यत सुमारे अडीच हजार मीटर चढते, म्हणजे पायांच्या लेखी ती ६७ किलोमीटर. कॅपाडोशियातली ३८ किलोमीटरची शर्यत हजार मीटरच्या आसपास चढते, म्हणजे ४८. कागदावर चार किलोमीटरचा फरक, पायात जवळपास वीसचा. शिवाय आल्प्समधला उतार काही फुकट मिळत नाही. मांड्यांचं पीठ तिथेच होतं.

शामोनीचं मोठेपण वादातीत आहे. गाव साधारण १,०३५ मीटरवर आणि डोक्यावर मों-ब्लांच्या हिमनद्या. १९७९ साली ‘क्रॉस द्यु मों-ब्लां’ या नावाने एक शर्यत सुरू झाली, आज तिथे अख्खं वीकेंड भरतं. १० किलोमीटरपासून ९० पर्यंत अंतरं आहेत, आणि जेमतेम पावणेचार किलोमीटरात हजार मीटर चढणारी उभी शर्यतही आहे. म्हणजे कागदावर तरी पाच जणांना पाच शर्यती मिळतात. अडचण अशी, की त्या वेगवेगळ्या दिवशी असतात. एकाची संपते तेव्हा दुसऱ्याची उद्या पहाटे असते, तो आठलाच झोपायला जातो आणि तिसरा आदल्या दिवशीचे पाय घेऊन जिना उतरत असतो. गाव एक, पण पाच जणांची पाच वेळापत्रकं. त्यात प्रवेश सोडतीने. पाचांपैकी तिघांचीच नावं निघाली तर उरलेल्या दोघांनी टाळ्या वाजवायला आल्प्स गाठायचा का, हा प्रश्न अर्ज भरायच्या आधीच एकमेकांना विचारून घ्या. नंतर विचारला तर तो भांडणासारखा ऐकू येतो.

बरं, सगळ्यांनी ४२ च घेतली तर? आमच्यातले वेगवान दोघं साडेसहा-सात तासांत परततील. पाचवी कट-ऑफशी (शर्यत पुरी करायच्या मुदतीशी) झगडत राहील आणि आली तरी दोन-तीन तासांनी येईल. त्या जुन्या सहलीत मी असाच उभा राहिलो होतो, एका हातात मैत्रिणीचं कोरडं जॅकेट, दुसऱ्या हातात तिचा फोन, स्वतःचा घामाने भिजलेला शर्ट अंगावर गार पडत चाललेला. दर पाच मिनिटांनी वळणावर कुणीतरी दिसायचं आणि ते दुसरंच कुणीतरी असायचं. ती आली ती आयोजकांच्या गाडीतून, बिब (छातीवरचा क्रमांक) काढून हातात घेऊन. त्या रात्री जेवायला जे होतो, त्यांतल्या कुणी पळण्याचा विषय काढला नाही.

कॅपाडोशिया याच्या अगदी उलट. ज्वालामुखीच्या राखेतून बनलेला मऊ टफ खडक, त्यातून झिजून उभे राहिलेले सुळके, मधल्या अरुंद दऱ्या आणि पायाखाली बराचसा पळता येईल असा मातीचा रस्ता. स्पर्धा २०१४ पासून होते, मुक्काम उर्गुपमध्ये. ३८, ६३ आणि ११९ ही तिची ओळखीची अंतरं. पहिल्यांदा परदेशात जाणाऱ्या मिश्र गटाला मी हेच सांगेन, कारण हळू पळणाऱ्यालाही इथे खरोखर पळायला मिळतं. आल्प्समध्ये तो दिवसभर चालतच असतो. आणि न पळणारं माणूस सोबत असेल तरी त्याचा दिवस वाया जात नाही. पहाटेचे बलून आहेत, गोरेमेची खडकात कोरलेली चर्चेस आहेत, जमिनीखालची शहरं आहेत. खोट एकच, उंच पर्वताची ओढ असलेल्याला हे थोडं गुळमुळीत वाटतं. आमच्या पहिल्या दोघांना वाटलंच.

हाँगकाँगचं नाव निघालं तेव्हा मीही हसलो होतो. उंच इमारतींच्या शहरात कसली ट्रेल? पण १९७९ मध्ये खुली झालेली मॅक्लिहोज ट्रेल शंभर किलोमीटरची आहे. पूर्वेला पाक ताम चुंगपासून पश्चिमेला तुएन मुनपर्यंत, दहा टप्प्यांत, वाटेत ९५७ मीटरच्या ताय मो शानवरून. दर पाचशे मीटरवर क्रमांकाचा खांब, त्यामुळे वाट चुकणं अवघड. इथली ‘ट्रेलवॉकर’ ही गटाचीच स्पर्धा आहे. १९८१ मध्ये गुरखा सैनिकांच्या सरावातून ती जन्मली, १९८६ पासून सामान्यांनाही खुली झाली. चौघांचा संघ, अट्ठेचाळीस तास, आणि चौघांनी बरोबरच राहायचं. म्हणजे सगळ्यात हळू माणसाचा वेग हाच संघाचा वेग. मला नियम म्हणून हे फार आवडतं, पण दोन गोष्टी आड येतात. संघाला धर्मादाय निधी गोळा करावा लागतो, आणि आम्ही पाच आहोत.

म्हणून माझं मत स्पर्धा सोडून नुसती ही वाट पळण्याकडे झुकतं. टप्प्यांच्या टोकांशी बहुतेक ठिकाणी रस्ता लागतो, बस किंवा टॅक्सी मिळते. वेगवान दोघांनी पहाटे निघून तीन टप्पे काढावेत, बाकीच्यांनी मधल्या एका टप्प्याला त्यांना गाठावं. दुसरा टप्पा मी पळलोय, साडेतेरा किलोमीटरचा. टॅक्सीने पूर्वेच्या धरणाशी उतरायचं, षट्कोनी दगडी खांबांच्या कड्याशेजारून लाँग के किनाऱ्यावर यायचं आणि तिथून सरळ चढ. मग साय वान, मग हाम तिन. तिथे ओढ्यावर एकावेळी एकच माणूस जाईल असा फळ्यांचा साकव आहे. माझे बूट वाळूने इतके भरले होते की साकवाअलीकडे बसून ते उपडे केले, मागून आलेला एक अनोळखी धावपटू शेजारी बसला आणि त्यानेही तेच केलं. टप्पा संपतो तिथे बसथांबा आहे.

उणीवही सांगतो. काँक्रीटच्या पायऱ्या आणि फरसबंद वाट बरीच आहे, गुडघे कुरकुरतात. पाचव्या-सहाव्या टप्प्यावर माकडं आहेत, हातात खाऊची पिशवी धरून पळू नका. आणि उन्हाळ्यात जाऊच नका, दमट उष्णता माणसाला बसवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

सामानाच्या बाबतीत शामोनी सगळ्यात कडक. थर्मल ब्लँकेट, शिट्टी, पाण्यापासून वाचवणारं जॅकेट यातलं काय सक्तीचं आहे ते आपापल्या शर्यतीच्या यादीत बघा. पोल (चढताना टेकायच्या काठ्या) चेक-इन बॅगेतच टाका. विमा मात्र तिन्हीकडे नीट वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांतून स्पर्धा वगळलेली असते. फ्रान्समध्ये डोंगरातून सोडवणाऱ्या सरकारी पथकाचे पैसे साधारणपणे पडत नाहीत, रुग्णालयाचे पडतात.

तर, गटातले सगळे साधारण एका वेगाचे असतील आणि सोडतीत सगळ्यांची नावं निघाली तर शामोनीला दुसरा पर्याय शोधू नका. वेगात फरक असेल आणि तरी पदक हवं असेल तर कॅपाडोशिया. बिबचा सोस नसेल, एकत्र पळायचं असेल तर मॅक्लिहोज. आमच्याकडे या वेळी पहिल्यांदा पाचवीला विचारलं. तिने फोनवर नकाशा उघडला, दुसऱ्या टप्प्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “साडेतेरा म्हणजे चढ धरून किती?”