वावरातला मास्ट, एक केबल: रिलेचा डबा घ्यावा की फॅन डायपोल बांधावा?

गावातल्या डीपीची घरघर आणि एलईडी बल्बांचा खरखराट चुकवायला हॅम रेडिओची अँटेना वावरात नेली, की शॅकपासून (रेडिओच्या खोलीपासून) मास्टपर्यंत (अँटेनाच्या खांबापर्यंत) पन्नासेक मीटर केबल आलीच. एवढ्या अंतराला आरजी-५८ ही बारीक कोअॅक्स केबल चालत नाही. दोन मीटर बँडवर (व्हीएचएफवर) रिगमधून (रेडिओ सेटमधून) ५० वॅट सोडले, तर वर जेमतेम ५ ते ८ पोचतात. जाड आरजी-२१३ असेल तर १८च्या आसपास. पण तिच्या तीन-तीन लाइनी ओढायच्या म्हणजे कापसाचा चुकारा यायची वाट पाहा. म्हणून चांगली केबल एकच, आणि जे काय वाटायचं ते तिच्या टोकाला. तिथे रिलेवाला रिमोट स्विच (शॅकमधून अँटेना बदलणारा डबा) लावायचा की फॅन डायपोल (एकाच केबलवर दोन बँडच्या तारा) आणि डिप्लेक्सर (एचएफ म्हणजे लघुलहरी आणि व्हीएचएफ वेगळे करणारा फिल्टर), एवढाच प्रश्न. मी दोन्ही वापरून बसलोय.

कागदावर रिमोट स्विच उजवा आहे, यात वाद नाही. चाळीस मीटर बँडचा डायपोल, वीस मीटरचा डायपोल, दोन मीटरची व्हर्टिकल (उभी अँटेना), तिन्ही आपापल्या जागी. एकीची तार छाटली म्हणून दुसरीचा एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळली त्याचं माप) हलत नाही. उद्या बीम (एका दिशेला रोखायची अँटेना) आणला तर रिकाम्या सॉकेटला लावून मोकळे. बहुतेक डबे फक्त एचएफसाठी केलेले असतात, दोन मीटरवर चालतो का ते मात्र आधी बघून घ्या. आणि रिलेचे १२ व्होल्ट कोअॅक्समधूनच पाठवणारा प्रकार घ्या. वेगळी कंट्रोल वायर पुरली तर आपली काळी माती तिला सुखानं राहू देत नाही. वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाऊस पडला की त्याच फुगून मिटतात, आणि या ओढाताणीत वायरचा जोड पहिला सुटतो.

आता माझं मन ज्यानं उडालं ते सांगतो. सकाळी चाळीस मीटरवर नेट (हॅम मंडळींची रेडिओवरची बैठक) चालू आहे, समोरचा स्टेशन छान ५९ (स्पष्ट आणि जोरदार) येतोय, आणि बोलता बोलता आवाज विहिरीत गेल्यासारखा बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं क्यूएसबी आहे, म्हणजे वाटेतच सिग्नल कमी-जास्त होतोय. पण पीटीटी (बोलायचं बटण) क्षणभर दाबून सोडलं की आवाज पुन्हा जागेवर! क्यूएसबी असा बटणाला घाबरत नाही. होतं असं की जास्त अँपिअरच्या रिलेचे पॉइंट चांदीच्या मिश्रधातूचे असतात. दमट हवेत त्यांच्यावर पातळ थर चढतो. ऐकताना येणारा सिग्नल इतका बारीक, की त्याला तो थर फोडता येत नाही. ट्रान्समिटची ताकद फोडते. तासाभरानं पुन्हा तेच. रिले बदलावा तर डबा मास्टच्या शेंड्याला. श्रावणात वावरात पाय घोट्यापर्यंत रुततो, आणि गाय वायर (मास्टला ताण देणाऱ्या तारा) सैल करून मास्ट आडवा करायला चार माणसं हवीत. निंदणाच्या दिवसांत चार माणसं कोण देतं? सोन्याचा मुलामा असलेले रिले हा त्रास बराच कमी करतात म्हणे, पण ट्रान्समिट चालू असताना चुकून स्विच फिरवला की तो मुलामा जळालाच.

फॅन डायपोलमध्ये हलणारं काहीच नाही. एका बालनखाली (केबल आणि तारा जुळवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरखाली) दोन जोड्या: चाळीसची एकूण २० मीटर, वीसची १० मीटर. ज्या बँडवर बोलाल ती जोडी करंट घेते, दुसरीचा अडथळा मोठा म्हणून ती गप्प बसते. चाळीसची तार पंधरा मीटरवरही ट्यूनरच्या मदतीनं निभावून नेते, तो बँड फुकटात. आधी चाळीसची तार बसवा, मग वीसची. वीसची जोडी थोडी लांबच ठेवून छाटायला घ्या, कारण शेजारच्या तारेमुळे तिचं माप बदलतं. हे छाटणं किचकट आहे, नाकारत नाही. वीसवर बँडविड्थही एकट्या डायपोलपेक्षा थोडी अरुंदच मिळते. शिवाय उन्हाळी वावटळीत दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालतात, मग एसडब्ल्यूआर सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. वीसची जोडी काटकोनात दुसऱ्या धुऱ्याकडे ताणली की हा पीळही जातो आणि तारांची आपसातली लुडबुडही कमी होते. वानरं दोन्ही प्रकारांत सारखीच.

दोन मीटरसाठी दोन्ही टोकांना एकेक डिप्लेक्सर. आयसी-७१०० किंवा एफटी-८५७ सारख्या रिगला एचएफ आणि व्हीएचएफची सॉकेटं वेगळी असतात. ती शॅकमध्ये एका केबलवर आणायची, मास्टवर पुन्हा वेगळी करायची. आत नुसत्या कॉइल आणि कपॅसिटर, लाइन गेली तरी फरक नाही. थोडा सिग्नल खातो, पण रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणारं स्टेशन) उघडायला मला तरी तो कधी कमी पडला नाही.

तुमचं काम चाळीस, वीस आणि गावाजवळचा रिपीटर एवढंच असेल, तर मी तरी रिलेच्या वाटेला जाणार नाही. बीम फिरवायचा असेल, दोन दिशांचे डायपोल आलटून-पालटून ऐकायचे असतील, तर रिलेशिवाय गत्यंतर नाही, हेही खरं. तेव्हा डबा शेंड्याला न लावता मास्टच्या बुडाशी, छातीच्या उंचीवर लावा. प्रत्येक अँटेनाला दहा-बारा मीटर जादा केबल लागेल, ती लागू द्या. सॉकेटं खालच्या बाजूला ठेवा, आणि पाणी निथळायला पाडलेल्या भोकाला बारीक जाळी लावा, नाहीतर मुंगळे आत घर करतात.