सत्तरीचं कार्ड आहे, मग वरून पॉलिसी कशाला?

शेजारच्या वहिनींनी परवा जिन्यातच गाठलं. "आण्णांचं ते सत्तरीचं कार्ड काढलं. आता एजंट म्हणतोय, वरून एक पॉलिसी घ्याच. घेऊ का?" आण्णा, म्हणजे त्यांचे सासरे, ७२ वर्षांचे. सासूबाई ६६. बीपी दोघांनाही, सासूबाईंना साखरही. उभ्याउभ्या मी काहीतरी सांगितलं, ते अर्धवटच होतं. म्हणून इथं नीट लिहिते.

आधी हातात काय आहे ते बघू. आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतंय. सत्तरी पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. हप्ता नाही आणि जुना आजार पहिल्या दिवसापासून चालतो. वय मात्र आधारवरचं धरतात. शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट १ जून लिहून टाकलेली ही पिढी, तेव्हा आधारवरचं साल आधी बघा. सासूबाईंना हे कार्ड अजून नाही, पण रेशनकार्डावर महात्मा फुले योजना आहे. तिथंही ५ लाख, फक्त ते अख्ख्या कुटुंबाचे.

दोन्हींची मेख एकच: दवाखाना पॅनेलवरचा, म्हणजे योजनेशी जोडलेला हवा आणि उपचार यादीतला हवा. आमच्या मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण सगळे पॅनेलवर नाहीत, आणि जे आहेत तेही सगळ्या शस्त्रक्रियांसाठी नसतात. म्हणून आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, "तुमच्याकडं योजना आहे का" असं विचारून भागत नाही. "हे ऑपरेशन योजनेत बसतं का" असं विचारायचं. गोळ्या-औषधांचा महिन्याचा खर्च दोन्हींत नाही.

तेव्हा वरची पॉलिसी घ्यायची ती मनाजोगता डॉक्टर, यादीबाहेरचा उपचार किंवा पुण्याला पॅनेलबाहेरच्या दवाखान्यात न्यायची वेळ, एवढ्यासाठी.

एजंट बहुधा ज्येष्ठांची पूर्ण पॉलिसी पुढं करतो. पहिल्या रुपयापासून पैसे मिळतात असं ऐकायला बरं वाटतं, पण हप्ता जड असतो आणि बऱ्याच पॉलिसींत को-पे असतो. २० टक्के को-पे म्हणजे २ लाखांच्या बिलात ४० हजार आपले. खोलीभाड्याची मर्यादा त्याहून फसवी. मर्यादा रोज ५ हजार आणि आपण ८ हजारांची खोली घेतली, तर वरचे ३ हजार भरून सुटका नसते. डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. ८० हजारांचे ५० हजारच मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कापणीतून वगळल्या आहेत, तेवढाच दिलासा.

सुपर टॉप-अपचं गणित वेगळं. ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च आपण सोसायचा, त्यावरचा कंपनी देते, म्हणून हप्ता बराच कमी पडतो. पण 'सुपर' हा शब्द नीट वाचा. समजा ती रक्कम ३ लाख आहे. जूनमध्ये २ लाखांचं बिल झालं, नोव्हेंबरमध्ये अडीच लाखांचं. साधा टॉप-अप प्रत्येक बिल सुटं मोजतो, एकही ३ लाखांवर जात नाही, मिळतात शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो, साडेचार लाख, आणि दीड लाख देतो. वयस्कर माणूस वर्षात दोनदा ॲडमिट होणं काही नवलाचं नाही, त्यामुळं साधा टॉप-अप मी विचारातच घेत नाही. सरकारी कार्डावर झालेला खर्च त्या ३ लाखांत धरणार का, हे मात्र कंपनीकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी 'हो'वर जाऊ नका.

दवाखान्यातल्या प्रत्येक दिवसामागे ठरावीक रक्कम देणारी हॉस्पिटल कॅश पॉलिसीही असते. सोबतच्या माणसाचा डबा, रिक्षा निघते. तिच्यावर मोठं बिल सोडू नये.

माझं मत विचाराल तर वहिनींनी आधी पैसे सासूबाईंवर घालावेत. कार्ड आण्णांचं आहे म्हणून सगळे आण्णांचाच विचार करतात, आणि घोळ तिथंच होतो. जुन्या आजाराचं वेटिंग, म्हणजे त्या आजारासाठी पैसे न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, आता जास्तीत जास्त ३ वर्षं असतं. आज पॉलिसी घेतली तर ते सासूबाईंच्या ६९ व्या वर्षी संपेल. पुढं सत्तरी झाली की त्यांनाही कार्ड मिळेल, पण नवरा-बायकोंना वेगळे ५-५ लाख नसतात, दोघांत मिळून ५ लाख. तेव्हा त्यांच्या नावची स्वतंत्र पॉलिसी खरी कामाला येईल. ३ लाखांवरचा सुपर टॉप-अप घ्यायचा आणि ३ लाखांची एफडी हात न लावता ठेवायची. ती एफडी जमत नसेल तर मात्र को-पे सोसून पूर्ण पॉलिसीच बरी. आण्णांसाठी कार्ड पुरे. त्यांच्या वयाचा हप्ता भरण्यापेक्षा तेवढी रक्कम बाजूला टाकलेली मला पटते.

नवी पॉलिसी घ्यायला पूर्वीसारखी ६५ ची आडकाठी राहिलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही, तेव्हा जुना दर सांगणाऱ्याला तेवढं विचारा. फॉर्मवर साखर लपवू नका. "लिहिलं की हप्ता वाढतो" म्हणणारा एजंट क्लेम अडल्यावर फोन उचलत नाही, हे आमच्या घरात अनुभवून झालंय. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत परत करता येते. त्या महिन्यात को-पे, खोलीभाडं आणि वेटिंगची पानं चष्मा लावून वाचा. नाही पटलं तर पाठवून द्या.