परदेशात भाड्याची गाडी: कुठल्या देशाच्या साइटवरून घ्यावी?

मुलांकडे अमेरिकेला किंवा न्यूझीलंडला निघालेल्या बडोदेकरांना हल्ली हमखास एक सल्ला मिळतो: गाडी भारतातून बघू नका, जर्मनीच्या किंवा इंग्लंडच्या साइटवरून बुक करा, निम्म्यात मिळते. निम्म्याचं काही खरं नाही. फरक मात्र पडतो, आणि तो का पडतो हे समजलं की आपण कुठून घ्यायची हे ठरवणं सोपं जातं.

मूळ मुद्दा विम्याचा. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा लागतो, म्हणून भाड्याची गाडी घेताना तो आहे का हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही. अमेरिकेत स्वतःची गाडी असणाऱ्याकडे स्वतःची पॉलिसी असते आणि ती बहुधा भाड्याच्या गाडीलाही चालते. त्यामुळे तिथल्या रहिवाशाला साइट नुसत्या गाडीचा भाव दाखवते. जर्मनीहून येणाऱ्याकडे अशी पॉलिसी नसते, म्हणून त्याला पुष्कळदा विम्यासकट भाव दिसतो. लग्नासाठी वाडी बघायला गेलं की भाडं कमी सांगतात आणि मंडप, लाइट, जनरेटर मागाहून लावतात, तसाच हा प्रकार.

समजण्यापुरते आकडे घेऊ. अमेरिकन साइटवर दिवसाला 40 डॉलर आणि इंग्लंडच्या ब्रोकरकडे, म्हणजे मधल्या एजंटच्या साइटवर, विम्यासकट 58. वरवर बघता 40 स्वस्त. पण विमानतळावरच्या काउंटरवर गाडीच्या नुकसानीचं संरक्षण 25 ला आणि जादा थर्ड पार्टी 15 ला घेतलं की 40 चे 80 होतात. दहा दिवसांत 220 डॉलरचा फरक. तो गाडीच्या भाड्यातला नाही, विमा कुठे विकत घेतला त्यातला आहे.

‘आम्ही सांभाळून चालवतो, विमा कशाला?’ असं म्हणणारे आपल्यात बरेच. कॅलिफोर्नियात जानेवारी 2025 पासून किमान थर्ड पार्टी मर्यादा वाढली, तरी ती एका जखमी माणसामागे 30 हजार डॉलर, एका अपघातात मिळून 60 हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीला 15 हजार इतकीच आहे. तिथली हॉस्पिटलची बिलं ऐकून असाल तर ही रक्कम किती तोकडी ते सांगायला नको.

म्हणून अमेरिकेसाठी पहिला प्रश्न साइटचा नाही, गाडी कोण चालवणार याचा. न्यू जर्सीतला मुलगा चालवणार आणि त्याची स्वतःची पॉलिसी असेल तर अमेरिकन साइटवरचा नुसत्या गाडीचा भावच घ्या; मात्र पॉलिसी भाड्याच्या गाडीला लागू आहे ना, हे त्याने आधी फोन करून विचारावं. बाबा स्वतः चालवणार असतील तर विम्यासकट भाव हवा. त्यासाठी जर्मन साइटच लागते असंही नाही. राहण्याचा देश ‘भारत’ निवडला तरी कित्येक कंपन्या तसा भाव दाखवतात. तो आधी बघावा.

व्हीपीएन लावून, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं साइटला भासवून, भाव पाडायच्या युक्त्या मला फारशा पटत नाहीत. बहुतेक ठिकाणी भाव ठरतो तो साइटवर निवडलेल्या राहण्याच्या देशावरून. तिथे ‘जर्मनी’ असं खोटं लिहू नये. काउंटरवर लायसन्स आणि पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि भाव बदलण्यापेक्षा मोठा धोका म्हणजे अपघातानंतर विमा नाकारला जाणं. युरोपीय संघात ग्राहकाच्या देशावरून भेदभाव करायला मनाई करणारा नियम 3 डिसेंबर 2018 पासून लागू आहे, पण तो तिथल्या ग्राहकांसाठी. आपल्याला त्याचा आधार नाही. परदेशी साइट वापरा, देश खरा लिहा.

न्यूझीलंडचं गणित निराळं. तिथे 1974 पासून एसीसी ही सरकारी योजना अपघातात जखमी झालेल्यांचा उपचार बघते, चूक कुणाची हे न विचारता. पर्यटकही त्यात येतात. त्यामुळे अमेरिकेसारखी धास्ती नाही. काळजी उरते ती गाडीच्या नुकसानीची. भाड्यात साधा विमा असतो, पण नुकसानीचे पहिले काही हजार डॉलर आपण भरायचे. इथे मी तिथल्याच स्थानिक कंपन्यांच्या साइट आधी बघेन. करार वाचताना बंदी असलेल्या रस्त्यांची यादी चुकवू नका: क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि उत्तरेचा नाइन्टी माइल बीच त्यात हमखास असतात.

युरोपात ब्रोकरच्या साइट खरंच उपयोगी पडतात, विशेषतः ‘शून्य एक्सेस’वाल्या, म्हणजे नुकसानीतला आपला वाटा शून्यावर आणणाऱ्या. फक्त हे लक्षात घ्या, की ब्रोकरचं संरक्षण गाडीच्या कंपनीवर बंधनकारक नसतं. ओरखडा पडला तर कंपनी तुमच्या कार्डातून पैसे कापते. मग करार, दुरुस्तीचं बिल वगैरे पाठवून तुम्ही ते ब्रोकरकडून परत मिळवायचे. डिपॉझिटही मोठं अडकतं. कार्डाची मर्यादा लाखभरच असेल, किंवा परत आल्यावर ईमेलची लढाई लढायची नसेल, तर कंपनीचंच महाग संरक्षण घ्यावं. माझं मत तिकडेच झुकतं. काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग साध्या विम्यात बहुधा येत नाहीत, तेही बघून घ्या.

अलकापुरीतल्या किंवा सयाजीगंजातल्या एजंटकडून घेतलं तर थोडे जास्त द्याल, पण भांडायला समोर माणूस असतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याला ते वाईट नाही.

पैशांचं एक. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. बाबा चालवणार आणि कार्ड मुलाचं, असं काउंटरवर सहसा चालत नाही. परकी चलनावर बँकेने 3.5 टक्के लावले तर जीएसटी धरून 4.13 टक्के होतात, म्हणजे साइटवरची छोटी बचत तिथेच संपली. ‘रुपयांत घेऊ का?’ असं विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनातच द्या. फुकट रद्द होणारं बुकिंग असेल तर भाव उतरल्यावर नवं करून जुनं सोडता येतं.

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओकडून मिळतं, फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. इटलीत ते लागतंच. अर्ज निघायच्या आठवड्यावर ठेवू नका.