बॉन्झो लावायचा की ऑल्डिन यांची कुत्री?

जुन्या इंग्रजी चित्रांतलं एखादं गमतीदार कुत्रं दिवाणखान्यात लावायचं मनात आलं, की शोध फिरून फिरून दोन ठिकाणी येऊन थांबतो. एकीकडे जॉर्ज स्टडी यांचा बॉन्झो, दुसरीकडे सेसिल ऑल्डिन यांची कुत्री. दोन्हींचे प्रिंट माझ्या घरात लागले, त्यांच्यासोबत राहून झालं, आणि आता भिंतीवर एकच आहे. तुमची भिंत वेगळी, तुमचा उजेड वेगळा, त्यामुळे माझा कौल तुम्हाला लागू पडेलच असं नाही. तरी निवड कशावरून झाली ते सांगतो.

बॉन्झोची ओळख करून द्यायला नको. गुबगुबीत पांढरं पिल्लू, मोठाले निळे डोळे, चेहऱ्यावर नुकताच काहीतरी उद्योग करून आल्याचा भाव. लंडनच्या ‘द स्केच’ साप्ताहिकात स्टडी यांचं हे कुत्रं आधीपासून दिसत होतंच, १९२२मध्ये त्याचं बॉन्झो हे नाव ठरलं आणि पुढच्या काही वर्षांत ते पोस्टकार्डं, खेळणी, मूकपट, असं सगळीकडे पोचलं. लंडनच्या पिकॅडिली सर्कस या चौकात त्याची दिव्यांची जाहिरातही झळकली. ही लोकप्रियता उगाच नव्हती. आजही घरात कुणी आलं की पहिली नजर त्याच्याकडेच जाते आणि चेहरा खुलतो. मुलांना तर तो लगेच आपलासा वाटतो.

ऑल्डिन (१८७०–१९३५) यांची कुत्री अशी धावत अंगावर येत नाहीत. या माणसाने प्राण्यांच्या शरीररचनेचा रीतसर अभ्यास केला होता आणि तो प्रत्येक रेघेत दिसतो. कुत्रं कितीही वेडंवाकडं लोळलेलं असो, कातडीखाली हाडं कुठे आहेत ते कळतं. क्रॅकर हा पांढरा बुल टेरियर आणि मिकी हा दांडगा, झिपऱ्या केसांचा आयरिश वुल्फहाउंड, ही दोघं त्यांच्या घरचीच. सोफ्यावर एकमेकांना ढकलत, एकमेकांवर पाय टाकत झोपलेल्या या दोघांची चित्रं १९२९मध्ये ‘स्लीपिंग पार्टनर्स’ या नावाने आली. बॉन्झो माणसासारखा वागून हसवतो. ही दोघं कुत्र्यासारखीच वागतात, आणि ज्याने घरात कुत्रं पाळलंय त्याला तेवढंच पुरतं. याला व्यंगचित्र म्हणावं का, यावर कुणी वाद घालेल. माझ्या मते म्हणावं. मिकीने अख्खा सोफा अडवलाय आणि क्रॅकर उरलेल्या कोपऱ्यात स्वतःला बसवू पाहतोय, यापेक्षा व्यंग वेगळं काय असतं?

इथपर्यंत माझा तराजू खरं तर बॉन्झोकडे झुकलेला होता. तो फिरला ठिपक्यांमुळे.

बॉन्झोचे आज मिळणारे बरेच प्रिंट जुन्या पोस्टकार्डांवरून किंवा साप्ताहिकाच्या पानांवरून स्कॅन केलेले असतात. स्टडी यांची गंमत मऊ छटांत आहे. पोटाचा गोलवा, गालाखालची सावली, कपाळावरची वळी हे सगळं हळूहळू गडद होत जातं. छपाईत अशी छटा हाफटोनच्या बारीक ठिपक्यांतूनच येते. पोस्टकार्ड साधारण १४ सेंटिमीटर लांब, ए-३ कागद ४२. म्हणजे चित्र तिप्पट झालं आणि त्याबरोबर प्रत्येक ठिपकाही तिप्पट झाला. मूळ छपाईत इंचाला ठिपक्यांच्या १५० ओळी, इतकी बारीक जाळी असली, तरी मोठी केल्यावर ती ५०वर येते. वर्तमानपत्रातला फोटोही याहून बारीक असतो.

लांबून हे जाणवत नाही. पण आमच्या घरी ती जागा खुर्चीच्या अगदी शेजारी होती. संध्याकाळी दिवा लावून वाचायला बसलं, की बॉन्झोच्या पांढऱ्याशुभ्र पोटावर पुरळ उठल्यासारखं दिसायचं. एकदा ते दिसलं की नजर तिथेच जाते. विक्रेत्याला सांगून ठिपके पुसलेली प्रत मागवली, तर डोळे धूसर झाले. आणि डोळे गेले की बॉन्झोत काय उरलं? कॅन्व्हासवर छापून घेतला तर ठिपके विणीत दडतात हे खरं, पण चेहरा रखरखीत होतो.

ऑल्डिन यांची ती चित्रं रेघेवर उभी आहेत. खडूची जाड, मध्येच तुटणारी रेघ, थोडासा रंग आणि बाकी मोकळा कागद. अशी रेघ मोठी केली तर फार तर जरा खरखरीत होते, आणि खडूला ते शोभूनच दिसतं. त्याच जागी, त्याच दिव्याखाली हा प्रिंट लावला आणि डोळ्यांना खुपणं थांबलं.

त्याचेही त्रास आहेत. मूळ कागद रंगीत असल्यामुळे पार्श्वभूमी मातकट असते. फिकट पिवळ्या भिंतीवर चित्र मरगळलेलं दिसतं. काही विक्रेते जुनेपणा वाढवायला ती आणखी पिवळी करतात, ते टाळा. रुंद, पांढऱ्याकडे झुकणारा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घेतला की बरंच सावरतं. कॅन्व्हासवर मात्र ही चित्रं मुळीच घेऊ नका, खडूचा पोत विणीत हरवून जातो.

फ्रेमचं दोघांनाही सारखंच. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून फ्रेम थोडी सुटी राहील असे मागे बुचाचे तुकडे लावून घ्या, आणि चित्र काचेला चिकटणार नाही एवढा जाड माउंट घ्या.

प्रिंट विकणारे इतके का, तर भारतात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. स्टडी १९४८मध्ये गेले, ऑल्डिन त्याआधीच. त्यामुळे कुणीही छापू शकतो, आणि दर्जा छापणाऱ्यावर अवलंबून राहतो.

मुलांच्या खोलीसाठी, पलंगापासून दूर, उंचावर लावायचं असेल तर बॉन्झो आनंदाने घ्या. त्याहून चांगलं म्हणजे जुनं खरं पोस्टकार्ड मिळालं तर ते आहे त्याच आकारात छोट्या फ्रेममध्ये बसवा. त्या आकारात तो अजूनही अप्रतिम आहे. पण रोज जवळून दिसणाऱ्या भिंतीसाठी विचाराल, तर मी क्रॅकर आणि मिकीकडेच बोट दाखवीन.

पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून चेहऱ्याचा एक तुकडा, ज्या आकारात छापणार त्याच आकारात, मागून घ्या. बॉन्झो असेल तर गालाखालची सावली बघा, ऑल्डिन असेल तर कानाजवळची रेघ. तुकडा पाठवायला कुणी टाळाटाळ केली, तर दुसरा विक्रेता शोधा.