सोळा कोरचे पैसे मोजले, लिंकर मात्र एकाच कोरवर: रायझन 9 7950एक्स, वापरानंतरचा अनुभव

लॅमिंग्टन रोडवरून पार्ट घेऊन एएमडीच्या या प्रोसेसरचा डेस्कटॉप जोडून घेतला, त्याला बरेच महिने झाले. स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहेत, ती सोडतो. माझं काम सी++ चं, त्या नजरेतून लिहितोय.

पहिल्या फुल बिल्डला, म्हणजे सगळा प्रोग्रॅम नव्याने तयार करताना, जीव सुखावला. प्रोसेसरवरचा भार दाखवणाऱ्या एचटॉपमध्ये 32च्या 32 पट्ट्या भरलेल्या (एका कोरवर दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं)! पण रोज फुल बिल्ड कोण करतो? एक फाइल बदलायची, बिल्ड मारायचा, चालवून बघायचं. ती फाइल चुटकीसरशी कंपाइल होते, मग लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणं) सुरू होतं आणि एकच पट्टी शंभर टक्क्यांवर, बाकी 31 थंड. ग्नूचा नेहमीचा लिंकर एलडी एकाच थ्रेडवर चालतो. दिवसभर तेच. घामाचा पैसा आहे, राग येणारच. दुकानात तर ‘साहेब, थ्रेडरिपरच घ्या’ म्हणून गळ घालत होते. एएमडीचा तो आणखी जास्त कोरवाला प्रोसेसर घेतला असता तरी ही पट्टी एकटीच धावली असती.

संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्येच हे मांडलंय: कामाचा 5 टक्के भाग जरी एकापाठोपाठच करावा लागला, तरी कितीही कोर लावा, वेग 20 पटींपुढे जात नाही. छोट्या बिल्डमध्ये तर लिंकिंग हेच मुख्य काम.

तेव्हा लिहिलं असतं तर दोन स्टार दिले असते. मग मोल्ड टाकला. रुई उएयामा यांचा लिंकर, 1.0 आवृत्ती डिसेंबर 2021 ची, सगळे कोर वापरणारा. जीसीसी या कंपायलरच्या 12.1 आवृत्तीपासून फ्लॅगमध्ये (कंपायलरला द्यायच्या सूचनेत) फक्त मोल्डचं नाव द्यावं लागतं. एंटर दाबून खुर्चीत मागे टेकेपर्यंत लिंकिंग झालेलं! आणि खर्च शून्य. एवढा आनंद मला प्रोसेसरनंही दिला नव्हता.

रॅमचं मात्र बघा. सी++ च्या टेम्प्लेटनं (कोडच्या साच्यांनी) भरलेली एकेक फाइल कंपाइल होताना जीबीच्या वर रॅम खाते. 32 जीबीवर मेकला (बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) जे-32, म्हणजे एका वेळी 32 कामं, दिलं की रॅम संपून मशीन स्वॅपमध्ये, म्हणजे संथ डिस्कवर, जातं. मी जे-20 वर आलोय. नुसतं जे लिहून आकडा विसरू नका, मेक मर्यादाच ठेवत नाही.

मे महिन्यात, बिनएसीच्या खोलीत प्रोसेसरचे 170 वॉट नको झाले. बायोसमधून 105 वॉटचा ईको मोड लावला, बिल्डला जाणवेल असा फरक नाही.

आता चार स्टार. पुन्हा घ्यायचा झाला तर 12 कोर आणि 64 जीबी रॅम घेईन. टाइपस्क्रिप्टवाल्यांनी कोरवर पैसे घालण्याआधी थांबावं: जावास्क्रिप्टमधला टीएससी, म्हणजे टाइपस्क्रिप्टचा कंपायलर, टाइप तपासायला एकच थ्रेड वापरतो. गो भाषेतल्या नव्या कंपायलरची घोषणा मार्च 2025 मध्ये झाली आहे, आधी तो चालवून बघा.