दुसऱ्या-चौथ्या रविवारचा लेखनगट: वर्षभरानंतरचा अभिप्राय

डोंबिवली पूर्वेला एका वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी दुपारी साडेचार वाजता एक लेखनगट जमतो. या गटाला नाव नाही. नाव ठेवण्याचा विषय माझ्यासमोर दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा चर्चा कोणाच्या तरी कवितेकडे वळली, त्यामुळे तो तसाच राहिला. मी गेले वर्षभर या बैठकांना जाते आहे. एकोणीस बैठकांना हजर राहिले, पाच चुकल्या, आणि त्यांतल्या तीन केवळ मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकमुळे चुकल्या, कारण त्या रविवारी मी दादरला अडकले होते. अशा गटात जावे की नाही, असे मला अनेक जण विचारतात. त्यांच्यासाठी हा सविस्तर अभिप्राय.

मी गेले ते एका अपुऱ्या कथेमुळे. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी काम करीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, त्यांत तेही होते, आणि त्यानंतर काही वर्षांनी आम्ही डोंबिवलीला राहायला आलो. त्या काळावरची कथा मी सहा वर्षे लिहीत होते. लिहीत होते म्हणजे पहिली चार पाने पुन्हा पुन्हा नीट करीत होते. वेळ मिळत नाही असे मी सगळ्यांना सांगत असे, पण ते खरे नव्हते. पाचवे पान लिहिले नाही म्हणून कोणाचेच काही अडत नव्हते, हे त्याचे खरे कारण होते.

गटाची कार्यपद्धती साधी असली तरी ती काटेकोरपणे पाळली जाते. ज्यांचे लेखन वाचले जाणार असेल त्यांनी गुरुवारी रात्रीपर्यंत जास्तीत जास्त बाराशे शब्दांचा मजकूर व्हॉट्सॲप समूहावर पाठवायचा असतो आणि येताना चार-पाच छापील प्रती आणायच्या असतात. एका बैठकीत तीनच जणांचे लेखन घेतले जाते. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की लेखकाने स्वतःचे लेखन स्वतः वाचायचे नाही; ते शेजारी बसलेल्या व्यक्तीने मोठ्याने वाचायचे, आणि वाचन संपल्यावर सर्वांचे बोलून होईपर्यंत लेखकाने एक शब्दही बोलायचा नाही. शेवटी त्याला फक्त दोन प्रश्न विचारता येतात, स्पष्टीकरण देता येत नाही.

पहिल्यांदा हा नियम मला अकारण कडक वाटला. माझी पाने एका महाविद्यालयीन मुलाने वाचायला घेतली तेव्हा त्याचे मर्म लक्षात आले. जी वाक्ये मी अभिमानाने लांबवली होती त्यांत त्याचा श्वास अपुरा पडत होता, एका ठिकाणी ‘तो’ म्हणजे वडील की मुकादम हे न कळल्याने तो थांबून मागे गेला, आणि जो संवाद मला विनोदी वाटत होता तो त्याने अगदी सपाट आवाजात वाचला, कारण विनोद कागदावर उतरलाच नव्हता, तो माझ्या डोक्यात राहिला होता. स्वतः वाचताना आपण आवाजाने जी डागडुजी करतो ती येथे शक्य नसते. पैसे भरून केलेल्या ज्या दोन लेखन कार्यशाळांना मी यापूर्वी गेले होते, तेथे वक्ते चांगले होते आणि टिपणेही भरपूर मिळाली, पण आपले वाक्य दुसऱ्याच्या तोंडी कसे अडते हे कोणी ऐकवले नव्हते.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट घडली. कथेतले वडील साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांच्या विभागात, शेजारच्या मागावरच्या सोबत्याला कुजबुजून संपाची बातमी सांगतात, असा प्रसंग मी लिहिला होता. गटात पंच्याहत्तरीचे एक काका येतात. ते स्वतः कविता लिहितात आणि एरवी फार कमी बोलतात. त्यांची पाळी आली तेव्हा ते हसून म्हणाले, “ताई, साचेखात्यात कुजबुजतो कोण? तिथे कानाला तोंड लावून ओरडावं लागायचं. आम्ही ओठ वाचायचो.” त्यानंतर त्यांनी पंधरा मिनिटे साच्यांच्या आवाजाविषयी, मागावरचे धोटे (आडवा धागा नेणारे) बदलताना हात कसा चालायचा याविषयी आणि पाळी सुटल्यावरही घरात मोठ्याने बोलण्याची सवय कशी जात नसे याविषयी सांगितले. माझे वडील घरात इतके मोठ्याने का बोलत, हे मला त्या दिवशी उमगले. त्या एका दुरुस्तीतून कथेचे पाचवे, सहावे आणि सातवे पान आले. डोंबिवलीत गिरणगावातून आलेली शेकडो कुटुंबे आहेत, परंतु लेखनाच्या निमित्ताने एका टेबलाभोवती बसल्याशिवाय ते काका मला भेटले नसते.

एकत्र बसून वाचण्याची ही रीत मराठीला नवीन नाही. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील माधव जूलियन, यशवंत, गिरीश हे कवीही एकत्र जमून एकमेकांना कविता ऐकवीत असत. आमच्या येथे चहा वाचनालयाखालच्या टपरीवरून येतो आणि तो नेहमी गोडमिट्ट असतो. २०१७ साली याच डोंबिवलीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा मी तिन्ही दिवस मांडवात होते आणि पुस्तकांच्या पिशव्या भरून घरी आले होते, पण तेथून आल्यावर मी एक ओळही लिहिली नाही. संमेलनात आपण श्रोते असतो, आणि तेथे आपली अनुपस्थिती कोणाच्या लक्षात येत नाही. येथे जेमतेम बारा-तेरा खुर्च्या भरतात, त्यामुळे एक रिकामी राहिली की सोमवारी सकाळी दूरध्वनी येतो. “बरं आहे ना?” हा पहिला प्रश्न असतो आणि “त्या मुलाचं पुढे काय झालं?” हा दुसरा. हा मुलगा माझ्या कथेतला. मला लिहिते ठेवले ते या दुसऱ्या प्रश्नाने.

जून आणि जुलै महिन्यांतील बैठकांना वेगळीच लगबग असते. मराठीत दिवाळी अंकांची प्रथा १९०९ च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या अंकापासून सुरू आहे आणि हौशी लेखकाला आजही तेच सर्वांत जवळचे दार वाटते. त्यामुळे या काळात कोणत्या अंकाला किती शब्दांचा मजकूर लागतो, टंकलिखित प्रत युनिकोडमध्येच हवी का, परत न आलेल्या कथेची चौकशी किती दिवसांनी करावी, अशी व्यावहारिक माहिती मोकळेपणाने वाटून घेतली जाते. ज्यांचे लेखन छापून येते ते पेढे आणतात आणि ज्यांचे साभार परत येते तेही ते पत्र वाचून दाखवतात.

आता त्रुटी. पहिली म्हणजे कवितांचा भार. तीनपैकी किमान दोन जागा बहुतेक वेळा कवितांना जातात, आणि वैचारिक लेख किंवा प्रवासवर्णन घेऊन येणाऱ्याला दोन-दोन महिने थांबावे लागते. दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे: नव्या सदस्यांविषयी गट फार हळवा आहे. ‘छान’, ‘ओघवते’, ‘भिडले’ या तीन शब्दांवर काही वाचने संपतात, आणि खरी टिप्पणी हवी असेल तर तसे आधी सांगावे लागते. याच्या उलट टोक शुद्धलेखनाचे. ऐंशी ओलांडलेल्या एक आजी अजूनही ‘नांव’ आणि ‘कांही’ असे लिहितात, कारण असे न उच्चारले जाणारे अनुस्वार वगळणारे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वी त्यांचे शिक्षण झाले. त्यांच्या अनुस्वारांवरून एकदा अर्धा तास वाद झाला आणि त्यांच्या आजोळच्या विहिरीवरचा अप्रतिम लेख चर्चेविना राहिला. त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या पेन्सिलीने प्रतीवर करून द्याव्यात आणि त्यांवर तोंडी चर्चा करू नये, असा निर्णय झाला. तो बऱ्यापैकी पाळला जातो.

जागेविषयी फार अपेक्षा ठेवू नये. पंखा आवाज करतो, जिना उभा आहे आणि वृद्धांसाठी उद्वाहन नाही. समूहावर सुप्रभाताचे संदेश येतात. मनाई असूनही येतात. सदस्यशुल्क महिन्याला शंभर रुपये आहे. त्यातून सभागृहाचे भाडे आणि चहा भागतो. हिशेबाची वही टेबलावर उघडी असते.

ज्यांना आठवडाभरात पुस्तक छापून हवे आहे किंवा नामवंतांच्या ओळखी हव्या आहेत, त्यांनी येथे येऊन निराश होऊ नये. ज्यांच्या खणात अर्धवट कागद पडून आहेत आणि जे दुसऱ्याचे बाराशे शब्द लक्षपूर्वक ऐकायला तयार आहेत, त्यांनी मात्र अवश्य यावे. दुसरी अट मी मुद्दाम सांगते, कारण केवळ आपले वाचून घेण्यासाठी आलेले चार जण माझ्यासमोर तिसऱ्या बैठकीनंतर दिसेनासे झाले. पाच तारे द्यायची पद्धत असेल तर मी चार देईन, आणि पाचवा कवितांची संख्या कमी झाल्यावर.

नव्या सदस्याने पहिल्या दोन बैठकांत फक्त ऐकायचे असते आणि तिसऱ्या बैठकीला मजकूर आणायचा असतो. माझी कथा सध्या अठराव्या पानावर आहे. येत्या चौथ्या रविवारी ती वाचायची पाळी काकांची आहे.